‘करण्याचे योजिले आहे’, पण कोणी?

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत छापखाना होता आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. तुळशीचं लग्न झालं की ट्रेडल मशीनची खडखड सुरू व्हायची, ती पहिला पाऊस पडेपर्यंत. बिलबुकं, पावत्या, हँडबिलं वर्षभर असायची, पण घर चालायचं ते लग्नपत्रिकांवर. सहावी-सातवीत असल्यापासून मी प्रुफं वाचायला बसायची. त्यामुळे तालुक्यातल्या कुणाचं लग्न कधी आणि कुठे आहे, हे वर्गातल्या मुलींच्या आधी मला कळायचं. त्या वयात ही फार मोठी सत्ता असते.

खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्या काकांच्या टेबलाखाली एका पत्र्याच्या ताटात लग्नपत्रिकेचा अख्खा मजकूर सुतळीने आवळून ठेवलेला असे. गिऱ्हाईक आलं की सुतळी सोडायची, आधीची नावं, तिथी, स्थळ उपसून काढायचं, नवं बसवायचं, पुन्हा आवळायचं. बाकीचा मजकूर जागचा हलायचा नाही. एका हंगामात अशाच एका पत्रिकेत ‘व्यवस्थापक’ म्हणून आदल्या गिऱ्हाइकाचे मामा राहून गेले. पाचशे प्रती वाटून झाल्यावर वडिलांच्या ते लक्षात आलं. ओशाळून माफी मागायला गेले, तर मुलीचे वडील म्हणाले, “जाऊ द्या हो, आम्हाला वाटलं मुलाकडचे कुणी असतील.” मुलाकडच्यांना वाटलं होतं, मुलीकडचे असतील.

ज्याला आपण परंपरेचा मजकूर म्हणतो, त्यातला बराचसा हा असा सुतळीने बांधलेला मजकूर आहे. तो टिकला त्याला धर्म जितका कारण आहे, तितकीच छापखान्याची सोयही कारण आहे. दर वेळी नवा मजकूर जुळवायला वेळ लागतो, आणि वैशाखात वेळच नसतो. पुढे खिळे गेले, ऑफसेट आलं, कॉम्प्युटरवर डीटीपी आलं, आता फोनवरची ॲपं आली. सुतळी मात्र कुणी सोडली नाही. आज एखादी मुलगी मोबाईलवर पत्रिकेचा नमुना निवडते, तेव्हा फुलं, रंग, कडेची सोनेरी वेल यावर घरात चार दिवस चर्चा होते. मजकुराची वेळ आली की सगळे म्हणतात, “तो काय, नेहमीचाच टाका.”

माझी तक्रार या ‘नेहमीच्या’बद्दल आहे. लग्नं आता नेहमीची राहिलेली नाहीत. कुणी नोंदणी पद्धतीने लग्न करतं, कुणी सत्यशोधक पद्धतीने. कुणाचं दुसरं लग्न असतं, कुणी चाळीस माणसांत उरकतं, कुणी पहिल्या दिवशी एका धर्माचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धर्माचे विधी करतं. पत्रिकेने दोन गोष्टी तरी खऱ्या सांगायला हव्यात: बोलावतंय कोण, आणि लग्न होतंय कसं. नेहमीचा मजकूर नेमका या दोन ठिकाणी खोटं बोलतो.

ते वाक्य एकदा नीट वाचून पाहा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक हिचा शुभविवाह श्री. तमुक यांचे कनिष्ठ चिरंजीव यांच्याशी, मिती वैशाख शुद्ध पंचमी रोजी गोरज मुहूर्तावर करण्याचे योजिले आहे.’ व्याकरणाच्या बाईंनी विचारलं असतं, या वाक्याचा कर्ता कोण? मुलगी नाही, ती ‘हिचा’मध्ये आहे. मुलगा नाही, तो ‘यांच्याशी’मध्ये आहे. योजणारा वाक्याबाहेर, खाली ‘आपला नम्र’ म्हणून उभा आहे. ज्यांचं लग्न आहे, त्यांनी या वाक्यात काहीच केलेलं नाही. त्यांच्या बाबतीत ते घडणार आहे, इतकंच. याहून जुन्या पत्रिकांत ‘शुभविवाह’च्या जागी ‘शरीरसंबंध’ हा शब्द सर्रास असे. आज तो वाचून कॉलेजची मुलं खो खो हसतात, पण निदान त्या शब्दात आडपडदा नव्हता.

वाक्य वाईट नाही. उलट फार घट्ट विणलेलं आहे. लग्न मुलीच्या दारात मांडव घालून व्हायचं, म्हणून ‘आमचे येथे’. ठरवायचे वडील, म्हणून ‘योजिले’. देवावर भार, म्हणून ‘श्रीकृपेकरून’. मुलीचं पहिलंच लग्न, म्हणून ‘सौभाग्यकांक्षिणी’. मुहूर्त गुरुजींनी काढलेला, म्हणून गोरज. हे पाचही खरं असेल तर त्या वाक्याचा काना-मात्राही बदलू नये. ज्या घरात आजही असंच लग्न होतं, त्यांनी ते अभिमानाने छापावं. अडचण तेव्हा होते, जेव्हा पाचातलं एकही खरं नसताना वाक्य तेच राहतं.

गंमत अशी की, जवळपास प्रत्येक विवाहविधीत वधू-वर बोलतात. सप्तपदीत वर वधूला उद्देशून मंत्र म्हणतो; सातव्या पावलाला ‘सखा’ हा शब्द येतो. १९५५चा हिंदू विवाह कायदाही सांगतो की, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे पाऊल त्या दोघांचं, वडिलांचं नव्हे. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्राह्मण पुरोहिताशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, अटी घालतात, वचनं देतात, आणि तेही मराठीत. बौद्ध विवाहात वधू-वर प्रतिज्ञा घेतात. निकाहात तर दोघांकडून ‘कबूल’ ऐकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आणि कायदा काय म्हणतो? १९५४चा विशेष विवाह कायदा, ज्याला आपण बोलताना ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो (त्यात कोर्ट कुठेच नसतं, विवाह अधिकारी असतो), दोघांना हवा तो विधी करायची मोकळीक देतो. पण एक अट घालतो: विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, दोघांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत, प्रत्येकाने दुसऱ्याला नाव घेऊन सांगायला हवं की, मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. हे वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न लागत नाही. सरकारी कागदातलं रुक्ष वाक्य, पण त्यात कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळतं. होमापुढे बोलणारी, अधिकाऱ्यापुढे बोलणारी, मौलवींपुढे आणि भन्तेजींपुढे बोलणारी माणसं फक्त पत्रिकेत गप्प का असतात?

नोंदणी विवाहाच्या पत्रिका तर मला विशेष कोड्यात टाकतात. या कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि तीस दिवस कुणी आक्षेप घेतोय का याची वाट पाहतात. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. ही नोटीस एक प्रकारची उलटी लग्नपत्रिकाच आहे: ‘यांचं लग्न आहे, कुणाची हरकत असल्यास अवश्य यावे.’ इतकं सगळं पार पाडून, तीन साक्षीदार घेऊन, कार्यालयाच्या बाकावर दोन तास ताटकळून लग्न केलेल्या जोडप्याच्या पत्रिकेवर मी ‘शुभमुहूर्त दु. १२ वा. ३५ मि.’ वाचलं आहे. त्या मुहूर्तावर काय होतं? हॉलमध्ये जेवण सुरू होतं. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. पाहुणे बारा पस्तीसला धापा टाकत पोचतात आणि विचारतात, “लागलं का?” लग्न लागून आठवडा झालेला असतो.

इथे खरं लिहायला किती सोपं आहे! ‘आमचा विवाह अमुक तारखेला नोंदणी पद्धतीने झाला आहे. त्या आनंदात तमुक दिवशी संध्याकाळी आमच्यासोबत जेवायला या.’ हे वाचल्यावर पाहुण्याला कळतं की घाई नाही, अक्षता नाहीत, भेटायचं आणि जेवायचं आहे. तरीही घरातले कुणी ना कुणी अडून बसतात. ‘नोंदणी’ हा शब्द छापला की लोकांना वाटेल पळून जाऊन केलं. म्हणून लग्न कसं झालं हे लपवायचं, आणि जे झालंच नाही ते छापायचं. पत्रिकेवर गणपती असायला माझी काही हरकत नाही. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांच्याही घरात देव असतात. मुहूर्ताचं नाटक मात्र नको.

परंपरा अशी बदलत नसते, असं कुणी म्हणालं तर मी बौद्ध समाजाकडे बोट दाखवते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि पुढच्या एका पिढीत पत्रिकेचा नवा साचा तयार होऊन खेडोपाडी पोचलासुद्धा. माथ्यावर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब, ‘नमो बुद्धाय’, ‘बौद्ध पद्धतीने’ असा स्वच्छ उल्लेख. आमच्या छापखान्यात या पत्रिकांचा वेगळा मजकूर बांधलेला असे आणि ठसेही वेगळे. कुणालाही त्यात अडचण वाटली नाही, कारण त्या घरांना आपलं लग्न कसं होतं ते माहीत होतं आणि ते सांगण्यात त्यांना भूषण वाटत होतं. आपल्याकडच्या सुशिक्षित, पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांना हेच जमत नाही. मुलगा-मुलगी आंतरजातीय लग्न करतात, विधीही धड करत नाहीत, पण पत्रिकेच्या माथ्यावर दोन कुलदैवतांची नावं एकाखाली एक बसवताना कुणाचं वर यावं यावरून फोनाफोनी होते.

आता ‘चि. सौ. कां.’कडे वळते. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. मुलाला नुसतं ‘चिरंजीव’, म्हणजे दीर्घायुषी हो. मुलीला दीर्घायुष्याबरोबर एक इच्छाही चिकटवलेली, ती तिने बोलून दाखवलेली असो वा नसो. तिचं दुसरं लग्न असेल तर हे अक्षरी लटांबर काय करायचं, हे कुणालाच कळत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक अशा पत्रिकांत ते तसंच ठेवतात, कारण काढलं की ‘लोक विचारतील’. एका ओळखीच्या बाईंनी चाळिशीत पुन्हा लग्न केलं आणि पत्रिकेवर फक्त स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव घातलं, पदव्या नाहीत, उपाध्या नाहीत. त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीचं नाव मात्र खाली होतं, निमंत्रक म्हणून. इतकी अचूक पत्रिका मी दुसरी पाहिलेली नाही.

आईचं काय? ‘श्री. व सौ. अमुक अमुक’ या रचनेत आईला नाव नसतं. ती ‘व’नंतरचं एक अक्षर आणि एक टिंब असते. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४मध्ये निर्णय घेतला की, १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येईल. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर आई आली. पण त्या मुलांची लग्नं होईपर्यंत पत्रिकेने थांबायचं कारण नाही. तिथे कुठला शासननिर्णय लागत नाही, फक्त प्रूफ वाचताना पेन उचलावं लागतं.

विधवा आईचा प्रश्न तर याहून जुना आणि दुखरा. आमच्या छापखान्यातला एक प्रसंग मला अजून दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक शिक्षिका दिरांबरोबर आल्या होत्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, मुलगी त्यांनी एकटीने वाढवलेली. दीर खुर्चीवर बसून मजकूर सांगत होते. कन्या कुणाची, तर ‘कै.’ अमुक यांची. निमंत्रक, चुलते. वडिलांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि बाईंना विचारलं, “तुमचं नाव कुठे घालू?” त्या म्हणाल्या, “खाली कुठेतरी घाला, गंगा भागीरथी लावून. भावजींचंच वर असू द्या, त्यांना बरं वाटेल.” मग पर्स उघडून त्यांनी आगाऊ रक्कम मोजून दिली. वडिलांनी पावती फाडली ती मात्र बाईंच्या नावाने, पूर्ण नावाने, आणि जरा मोठ्या अक्षरात. त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं.

ही गोष्ट जुनी झाली असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२मध्ये, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३मध्ये, ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून आला आणि त्यावर चहूकडून टीका झाली. नवरा असण्या-नसण्याची पाटी बाईच्या नावाआधी लावायचीच कशाला, हा टीकेचा साधा मुद्दा होता. पत्रिकेत ‘सौ.’, ‘गं. भा.’ आणि ‘कु.’ अशा तीन पाट्या आहेत, पुरुषाला ‘श्री.’ एकच, जन्मभर पुरते. आईच्या नावामागे ‘श्रीमती’ लावा किंवा काहीच लावू नका, पण नाव लावा. जिने बोलावलं आहे, तिचं नाव ‘आपली नम्र’ म्हणून खाली यायला हवं. ‘गं. भा.’ लावून कोपऱ्यात नको.

“पण पत्रिका वाचतं कोण? तारीख आणि हॉल बघतात नि ठेवून देतात.” हे मला नेहमी ऐकवलं जातं. अगदी खोटं! मजकूर कुणी वाचत नसेल, नावं सगळे वाचतात. ज्याचं नाव राहिलं तो तर भिंग लावून वाचतो. म्हणून तर निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक अशी खाती निघाली आणि शेवटी ‘किलबिल’खाली ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणत चिंटू-पिंकीपर्यंत मजल गेली. (किलबिल मला आवडते. अख्ख्या पत्रिकेत माणसासारखं बोलणारी तीच एक ओळ असते.) गावाकडच्या पत्रिकांत तर आजी-माजी सरपंच, सभापती, आमदार, सोसायटीचे चेअरमन यांची साठ-सत्तर नावं असतात आणि वधू-वर शोधावे लागतात. मानपानाचा हा हिशेब ज्यांना समजतो, त्यांनी ‘शब्दांना कोण विचारतं’ असं म्हणू नये.

दुसरं, पत्रिका हा कागद म्हणूनही कामाला येतो. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत विवाह नोंदवायचा असतो, आणि तिथे बहुतेक ठिकाणी जोडायच्या कागदांत लग्नपत्रिका मागतात. ती नसली तर प्रतिज्ञापत्र करत बसा. अशा वेळी पत्रिकेवर लाडाचं नाव, आधार कार्डावर वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच असलं की टेबलामागचा माणूस चष्म्यावरून बघतो. राजस्थानात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बालविवाह रोखण्यासाठी जिल्हा प्रशासनं छापखान्यांना आदेश देत आली आहेत की, वयाचा पुरावा घेतल्याशिवाय पत्रिका छापू नका, वधू-वरांच्या जन्मतारखा छापा. पत्रिका हा निव्वळ शोभेचा कागद नाही, हे तिथल्या अधिकाऱ्यांनाही उमगलेलं आहे. आपल्याकडेही नावाखाली जन्मवर्ष छापायला काय हरकत आहे? पदवी छापतोच की, ‘बी. ई. (कॉम्प)’ म्हणून.

आता ज्यांना बोलावतो त्यांच्याशी तरी पत्रिका खरं बोलते का? ‘सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह’ असं छापायचं आणि हॉल दोनशेचा घ्यायचा, ही सरळ फसवणूक आहे. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत यावर बारीक विचार झालेला आहे. पाणिनीने एका सूत्रात निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन वेगळे अर्थ म्हणून सांगितले आहेत. भाष्यकार त्यांचा खुलासा करतात: निमंत्रण म्हणजे जिथे जाणं बांधील आहे ते, श्राद्धाच्या जेवणासारखं, आमंत्रण म्हणजे यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मराठीत आपण दोन्ही एकाच ताटात कालवले. पण खेड्याने हा फरक आपल्या पद्धतीने जपला. ‘चूलबंद आवतण’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. ‘घरटी एक’ म्हणजे एकानेच. एका शब्दात संख्या सांगून झाली, आणि कुणाचा अपमान नाही. शहरातल्या माणसाला हे सांगायला इंग्रजी कार्डातलं फ्रेंच ‘आर. एस. व्ही. पी.’ (म्हणजे ‘कृपया उत्तर कळवा’) आणावं लागतं, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ‘चौकशीसाठी फोन नंबर’ असा होतो.

लहान लग्न करणाऱ्यांनी संकोच सोडून लिहावं, ‘जागा मोजकी आहे, तुम्हा दोघांना बोलावतो आहोत.’ लोक समजून घेतात. एप्रिल २०२१मध्ये राज्यात लग्नाला फक्त पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा होती, मोडली तर पन्नास हजारांचा दंड. तेव्हा ‘आपण आहात तिथूनच आशीर्वाद द्यावेत’ अशा पत्रिका आल्या आणि कुणी रुसलं नाही. कारण पहिल्यांदाच पत्रिका खरं सांगत होती. साथ ओसरली आणि लगेच इष्टमित्र परत आले.

आहेराचंही तसंच. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ या वाक्याचा अर्थ आणू नका असा, की आणलात तर घेऊ असा, हे आजवर एकाही पाहुण्याला कळलेलं नाही. नको असेल तर ‘आहेर स्वीकारणार नाही’ म्हणा आणि मग खरंच स्वीकारू नका. वेळेबद्दलही एकच म्हणणं आहे: मुहूर्त मिनिटावर छापता, तर अक्षता प्रत्यक्षात कधी पडणार तेही छापा. रजा टाकून येणाऱ्या माणसाला ते हवं असतं.

फोनवरच्या पत्रिकेला माझा विरोध नाही. कागद वाचतो, टपालाची कटकट नाही. पण ती चित्र किंवा पीडीएफ असू द्या. २०२४मध्ये लग्नपत्रिका म्हणून पाठवलेली फाइल उघडताच फोनमध्ये शिरणारं ॲप निघतं, असे प्रकार घडले आणि सायबर पोलिसांना इशारे द्यावे लागले. अनोळखी नंबरवरून आलेलं ‘आग्रहाचं निमंत्रण’ उघडायलाही आता भीती वाटते. त्यावर उपाय जुनाच आहे: पत्रिका पाठवा आणि मग एक फोन करा. पूर्वी चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, अक्षता ठेवून जी पत्रिका हातात यायची, तिच्याबरोबर माणूस यायचा. मजकूर पत्रिकेत असायचा, आमंत्रण त्याच्या तोंडात.

गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं. नोंदणी पद्धतीने. मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. दोन रात्री खाडाखोड करून आम्ही दोघींनी लिहिलं:

‘नमस्कार. येत्या शुक्रवारी विवाह अधिकाऱ्यांसमोर आम्ही लग्न करत आहोत. तिथे घरची दहा माणसं असतील. रविवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही आमच्यासोबत जेवायला यावं आणि आम्हाला आशिर्वाद द्यावेत, असं आम्हाला आणि आमच्या चारही आईवडिलांना मनापासून वाटतं. तुमच्या घरून आम्ही ____ जणांची वाट पाहतो.’

रिकाम्या जागेत आकडा पेनाने भरायचा. कुणाकडे दोन, कुणाकडे ‘चूलबंद’. खाली दोघांची सही, मग दोन्हीकडच्या आयांची पूर्ण नावं आणि त्यांच्या शेजारी वडिलांची. माथ्यावर आजीसाठी छोटा गणपती.

मेव्हण्यांना पटायला वेळ लागला. ‘आमचे येथे’ नाही, ‘श्रीकृपेकरून’ नाही, आणि मुलगीच म्हणते ‘आम्ही लग्न करत आहोत’. मग बापाने काय करायचं? भाची म्हणाली, “बाबा, जेवायला तुम्हीच बोलावताय की.” शेवटी ते म्हणाले, नाना हो म्हणाले तर माझी ना नाही.

नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षं सत्त्याऐंशी. छापखाना बंद करून वीस वर्षं झाली. प्रूफ हातात दिलं तर त्यांनी खिडकीशी जाऊन, भिंग लावून, बोट ठेवत एकेक शब्द वाचला. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि ‘आशिर्वाद’मधला ऱ्हस्व ‘शि’ खोडून दीर्घ केला.

“एवढंच?” भाचीने विचारलं.

“एवढंच,” ते म्हणाले. “मजकूर चांगला जमलाय. आपलं मशीन चालू असतं ना, तर बांधून ठेवला असता.”